बाहेरचे वारे आणि उद्योगाची दिशा

आपल्या समाजात अलीकडे उद्योगधंद्याविषयी पुष्कळ बोलले जाते, ही समाधानाची बाब आहे. एक पिढी नोकरीच्या आधारावर सावरली. दुसरी पिढी आता स्वतःचा व्यवसाय उभारण्याची भाषा बोलू लागली आहे. परंतु या मुलामुलींना आपण जो उपदेश करतो, तो बहुधा एकाच वाक्यात संपतो : कष्ट करा, यश तुमचेच आहे. आमच्या मते हा उपदेश अपुरा आहे. कोणताही व्यवसाय केवळ मालकाच्या घामावर वा बुद्धीवर चालत नाही. तेलाचा भाव, सरकारचा कायदा, चलनाचा दर आणि समाजाची घडण या गोष्टी दुकानाच्या दाराबाहेर ठरतात. पण दुकानाच्या आतले निर्णय त्यांच्यामुळेच बदलतात.

ज्या देशात आपण स्थायिक झालो, त्या अमेरिकेच्या मोटार उद्योगाचेच उदाहरण घेऊ. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले. अरब देशांनी अमेरिकेला तेल देण्याचे थांबविले आणि पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला भाव काही महिन्यांतच ११ डॉलरच्या पुढे गेला. डेट्रॉईटचे कारखाने तोवर लांबरुंद, पेट्रोल पिणाऱ्या मोटारी काढण्यात मग्न होते. जपानी कंपन्यांपाशी मात्र लहान आणि काटकसरी मोटारी तयार होत्या. जपानी अभियंते अधिक दूरदृष्टीचे होते, एवढेच त्याचे कारण नव्हते. आयात तेलावर जगणाऱ्या आणि अरुंद रस्त्यांच्या त्यांच्या देशाने त्यांना तसे घडविले होते. १९७९ मध्ये इराणच्या क्रांतीनंतर तेल पुन्हा भडकले आणि क्रायस्लरसारख्या बलाढ्य कंपनीला दीड अब्ज डॉलरच्या कर्जासाठी सरकारच्या हमीचा आधार घ्यावा लागला.

पुढची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. अमेरिकेच्या दबावाखाली जपानने १९८१ पासून आपली मोटार निर्यात वर्षाला १६ लाख ८० हजारांवर मर्यादित केली. अशा निर्बंधाची चाहूल आधीच लागल्याने होंडाने ओहायो राज्यात कारखाना काढण्याचे ठरविले होते. १९८२ मध्ये तेथून मोटारी बाहेर पडू लागल्या. शिवाय मर्यादा मोटारींच्या संख्येवर होती, किमतीवर नव्हती. तेव्हा तेवढ्याच संख्येत महाग मोटारी विकणे हे ओघानेच आले. १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन महागला आणि स्वस्त मोटारींतला नफा आणखी आटला. १९८६ मध्ये अॅक्युरा आणि १९८९ मध्ये लेक्सस ही श्रीमंती नावे बाजारात आली, त्यांच्यामागे ही सारी पार्श्वभूमी होती. जो निर्बंध डेट्रॉईटच्या संरक्षणासाठी होता, त्यानेच प्रतिस्पर्ध्याला वरच्या पायरीवर चढण्यास भाग पाडले.

औषधांच्या धंद्यात हेच काम कायद्याने केले. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या केवळ प्रक्रियेला संरक्षण ठेवले, औषधाला नव्हे. त्यामुळे तेच औषध निराळ्या प्रक्रियेने बनविण्याची वाट भारतीय कंपन्यांना मोकळी झाली. एका रुग्णाच्या एड्सवरील उपचाराला वर्षाला १० हजार डॉलरहून अधिक खर्च येत असताना, २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तो सुमारे ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तो याच बळावर. पुढे जागतिक व्यापार करारानुसार २००५ पासून भारतात औषधांनाही पेटंट मिळू लागले आणि त्याच कंपन्यांना आपली वाट नव्याने आखावी लागली.

मुंबईच्या गिरण्यांची कथा तर आपल्या घरातलीच आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. यंत्रमागांची स्पर्धा त्याआधीच वाढली होती. त्यानंतर १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीच्या विक्रीला वाट करून दिली. सूत कातण्यापेक्षा जमीन विकणे अधिक किफायतशीर ठरले आणि मालकांचे धोरण बदलले. मालकापाशी जमीन होती, म्हणून त्याला धोरण बदलता आले. कामगारापाशी बदलण्यासारखे काय होते? त्यातही आपल्या आजोबांना या गिरण्यांच्या विणकाम खात्यात प्रवेशच नव्हता, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना त्याचा विटाळ होई. समाजाची घडण हीदेखील एक बाह्य शक्तीच आहे. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत ती क्वचितच आढळते. आपण मात्र तिला विसरू शकत नाही.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९२३ च्या रुपयाविषयीच्या ग्रंथाची आठवण होते. रुपयाचा दर घसरला की निर्यातदाराचा नफा वाढतो, आणि तो परदेशातून आलेला लाभ आहे असा समज होतो. बाबासाहेबांनी दाखवून दिले की तो नफा पुष्कळसा देशातल्याच मजुराच्या खिशातून येतो, कारण महागाई वाढते आणि मजुरी मागे राहते. बाहेरचा वारा सर्वांवर सारखा वाहत नाही, हे या विवेचनाचे सार आम्हांला आजही मार्गदर्शक वाटते.

कोणी म्हणेल, सारे बाहेरच ठरत असेल तर प्रयत्नांना अर्थ काय? हा निष्कर्ष चुकीचा आहे. तेलाचा भाव डेट्रॉईटला आणि होंडाला एकाच दिवशी कळला होता. वारा कोणाच्या हाती नव्हता, पण त्याची दिशा ओळखणे आणि वेळीच वळणे हे हाती होते. शिवाय कायदा हा वाऱ्यासारखा निसर्गनियम नव्हे. तो माणसे करतात आणि माणसे बदलतात. म्हणूनच नागरिक म्हणून जागरूक राहणे हा व्यापाराच्या शिक्षणाचाच भाग होय.

२०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लावले. आपल्यापैकी कोणी कोल्हापुरी चपला वा हातमागाचे कापड मागवून येथे विकत असेल, तर त्याच्या कष्टात एका रात्रीत काही उणे झाले नव्हते. तरीही त्याचे गणित कोलमडले असेल. अशा वेळी त्याला आळशी ठरविण्यापेक्षा, माल मागविण्याची त्याची दुसरी वाट कोणती होती, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

आपल्या मुलांना आपण कष्टाची शिकवण अवश्य द्यावी. त्याबरोबर तीन प्रश्न विचारण्याची सवयही लावावी. माझा धंदा कोणत्या कायद्यावर, कोणत्या भावावर, कोणत्या देशावर अवलंबून आहे? ते बदलले तर माझ्यापाशी दुसरा मार्ग आहे काय? आणि त्या बदलाचा भार मी माझ्या नोकरांच्या माथी तर मारीत नाही ना? पहिले दोन प्रश्न कोणत्याही व्यापारशाळेत शिकविले जातील. तिसरा मात्र गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्यांच्या नातवंडांनी विसरता कामा नये.