उंबरठा ओलांडण्यापूर्वी लिहिता यावा असा एक अर्ज

दहावी-बारावीचे निकाल लागले की सीमाभागातील घराघरांतून मुलांची पाठवणी सुरू होते. कोणी कोल्हापूरला जातो, कोणी पुण्याला, कोणी हुबळी-धारवाडला, कोणी बेंगळुरूला, तर कोणी चोर्ला घाट उतरून गोव्यात नोकरी धरतो. त्या दिवसांत आई-वडील मुलांना पुष्कळ काही शिकवतात. भात कसा लावावा, पैसे कसे जपावेत, अनोळखी माणसावर किती विश्वास टाकावा, रात्रीच्या गाडीत पिशवी कोठे ठेवावी, हे सारे आवर्जून सांगितले जाते आणि ते सांगायलाच हवे. भाषेविषयी मात्र कोणी काही शिकवत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले असते : मराठी काय, घरात बोलतोच की!

माझा आक्षेप या 'बोलतोच की'वर आहे. बोलणे पाळण्यापासून आपोआप येते. लिहिणे आपोआप येत नाही, ते कोणीतरी बसून शिकवावे लागते. आजवर हे काम मराठी शाळा करीत होती, म्हणून पालकांच्या ध्यानात त्याचे ओझे कधी आले नाही. आज आपल्यापैकी बहुसंख्य घरांतली मुले इंग्रजी माध्यमात आहेत. कन्नड भाषा अध्ययन अधिनियम, २०१५ नुसार कन्नड हा विषय कर्नाटकातील शाळांत टप्प्याटप्प्याने पहिलीपासून अनिवार्य झाला आहे. म्हणजे मुलाला इंग्रजी शाळा शिकवते, कन्नडही शाळाच शिकवते आणि मराठी फक्त स्वयंपाकघरात उरते. स्वयंपाकघरातली भाषा गोड असते, परंतु तिला लिपी नसते.

लिपी सुटली म्हणजे काय होते, हे पाहायचे असेल तर तंजावरकडे पाहावे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्यामागून तिकडे गेलेली मराठी कुटुंबे आजही घरात आपली मराठी बोलतात. तिचे वळण वेगळे आहे, तिच्यात तमिळ मिसळले आहे, पण ती मराठीच आहे. त्यांच्या पूर्वजांनी मोडी कागदांचे ढीग लिहून ठेवले, ते सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेले आहेत. सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. आज त्या घरांतल्या अनेकांना ती भिंत वाचता येत नाही. त्यांनी भाषा टाकली असे कोणी म्हणू शकणार नाही, उलट एवढ्या दूरवर ती टिकवली याबद्दल त्यांना हात जोडले पाहिजेत. पण १८५५ मध्ये राज्य खालसा झाले, दरबार गेला, त्यापाठोपाठ लिहिण्याचे निमित्तही गेले आणि आपल्याच आजोबा-पणजोबांचे शब्द दगडावर असूनही मुके झाले.

आपल्याकडे हे घडायला दोनशे वर्षे लागणार नाहीत. १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत आपण नातवंडांना खांद्यावर घेऊन जातो. दंडाला काळी फीत असते, ओठांवर घोषणा असते. त्यांच्यातल्या किती जणांना पुढे चाललेला फलक वाचता येतो? हा प्रश्न चळवळीबाहेरच्या लोकांना विचारण्याचा नाही. तो आम्हा कार्यकर्त्यांच्याच घरांना विचारला पाहिजे, कारण व्यासपीठावरून मराठी शाळा वाचवा म्हणणाऱ्या पुष्कळांची नातवंडे दुसऱ्या शाळेच्या गाडीतून जातात. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अजून उभाच आहे. त्या वर्षी जन्मलेले मूल आता मतदार झाले. दाव्याचा निकाल आपल्या हाती नाही, पण त्या मुलाला मराठीत चार ओळी लिहिता येणे आपल्या हाती होते आणि आहे.

म्हणून माझी सूचना अगदी मर्यादित आहे. मूल घर सोडण्यापूर्वी त्याला मराठीत एक अर्ज लिहिता आला पाहिजे. कविता नको, निबंध नको. प्रति कोण, विषय काय, मागणी कोणती, दिनांक आणि सही. गल्लीतला दिवा महिनाभर बंद आहे, नळाला गढूळ पाणी येते, असा साधा विषय पुरे. अर्ज लिहिताना माणसाला आपली तक्रार नीट मांडावी लागते, राग बाजूला ठेवून घडलेली हकीकत सांगावी लागते आणि आपण काय मागतो आहोत हे ठरवावे लागते. तक्रार मनात असूनही ती कागदावर उतरवता येत नाही म्हणून दुसऱ्याच्या दारात उभी राहणारी माणसे आपण रोज पाहतो. त्यांतली बरीचशी पदवीधर असतात.

यामागे राज्यघटनेचा आधारही आहे आणि तो मुलांना सांगायला हवा. अनुच्छेद ३५० नुसार प्रत्येक व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्याकडे निवेदन देता येते. पुढचा ३५० क अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेत शिक्षणाची सोय देण्याविषयी आहे, तर ३५० ख भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याविषयी. हे दोन्ही अनुच्छेद १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले, म्हणजे ज्या वर्षी राज्यपुनर्रचनेने आपल्याला म्हैसूर राज्यात टाकले त्याच वर्षी. ज्यांनी सीमा आखली त्यांनाच सीमेवर राहून जाणाऱ्यांची चिंता होती, एवढे तरी त्यावरून दिसते. आता गंमत अशी की अनुच्छेद ३५० अर्ज कोणत्या भाषेत करता येईल ते सांगतो, उत्तर कोणत्या भाषेत यावे ते सांगत नाही. अर्ज मराठीत गेला तरी उत्तर कन्नडात येईल.

आणि ते उत्तर आपल्या मुलाला स्वतः वाचता आले पाहिजे. काहींना हे रुचणार नाही, पण स्पष्टच लिहितो. सीमाभागातल्या मराठी मुलाने कन्नड उत्तम शिकावे. शेताचा उतारा कन्नडात, नोटीस कन्नडात, पोलीस ठाण्यातला जबाब कन्नडात, आणि हे सारे दुसऱ्याकडून वाचून घेऊन खाली सही करायची, यात कसला स्वाभिमान आहे? १९८६ च्या आंदोलनात ज्यांनी प्राण दिले, ज्यांना आपण दर १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकावर वंदन करतो, ते सक्तीविरुद्ध उभे राहिले होते. सक्तीचा विरोध आणि भाषेचा द्वेष या दोन गोष्टींतला फरक मुलाला घरातच कळला पाहिजे, रस्त्यावर तो कोणी समजावत नाही. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कन्नडातले थोर कवी झाले. पंढरीच्या विठोबाला आपल्या संतांनी कानडा म्हटले. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी असे तिन्ही भाषांतले लेख आहेत. ते कोरणाऱ्याला एका लेखाने दुसरा बाटेल असे वाटले नव्हते.

माध्यमाबद्दलही दोन शब्द. प्राथमिक शिक्षण मराठीतच व्हावे, हे माझे मत आहे आणि ते मी बदलणार नाही. परंतु मुलाचे माध्यम ठरवण्याचा अधिकार पालकांचा आहे, राज्याला ते लादता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी कर्नाटकाच्याच प्रकरणात दिला. अधिकार पालकांचा म्हटल्यावर जबाबदारीही त्यांचीच. शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले त्या भाषेची असतील तर मातृभाषेतून शिकवण्याची सोय करावी, हे सूत्र १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेपासून चालत आले आहे. दहा मुले! गावात दहा मुले नाहीत असे नाही, दहा पालक एकत्र बसत नाहीत. ज्यांनी इंग्रजी शाळा निवडली त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी रोज अर्धा तास द्यावा, एवढेच मागतो.

त्या अर्ध्या तासात काय शिकवावे? सुरुवात मुलाच्या नावापासून करावी. आपल्या भागातल्या माणसाचे नाव तीन लिप्यांत नांदते आणि तिथेच पहिला घोळ होतो. चौगुले हे आडनाव घ्या. रोमन लिपीत 'औ' लिहिण्याच्या तीन तऱ्हा प्रचलित आहेत. आजोबांच्या कागदावर एक, बापाच्या शिधापत्रिकेवर दुसरी, मुलाच्या गुणपत्रिकेवर तिसरी. कन्नड लिपीत ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन ए आणि दोन ओ आहेत, मराठीत ते वेगळे लिहिले जात नाहीत. त्यामुळे देसाई, केदारी, भोसले ही नावे कारकून कशी लिहील ते त्याच्या कानावर अवलंबून राहते. उलट मराठीतल्या चहाचा च आणि चमच्याचा च यांतला फरक कोणतीच लिपी दाखवत नाही. मुलाला आपले, आईचे आणि वडिलांचे नाव तिन्ही लिप्यांत बिनचूक लिहिता यावे आणि समोरच्या कागदावरची चूक त्याने तिथल्या तिथे दाखवावी. पुढे पारपत्राच्या वेळी प्रतिज्ञापत्रांसाठी घालाव्या लागणाऱ्या खेपा यातून वाचतात.

मग पत्र. मोठ्यांना ती. आणि शि. सा. न., धाकट्यांना चि. आणि अनेक आशीर्वाद, परक्या माणसाला स. न. वि. वि. जुन्या मायन्यांना हसण्याची रीत पडली आहे, पण समोरचा माणूस आपला कोण लागतो याचा विचार केल्याशिवाय पहिली ओळच लिहिता येऊ नये, ही सोय त्यांत होती. आजी-आजोबा हयात असतील तर महिन्याला एक पत्र त्यांना लिहवून घ्यावे. ते शेजारच्या खोलीत राहत असले तरी चालेल. पत्राला शुद्धलेखनाचे गुण देऊ नयेत. भ्रमणध्वनीवर मुले मराठी रोमन अक्षरांत लिहितात, ती सवय मात्र मोडावी. त्या अक्षरांत काळ आणि काल एकच, वाट आणि वात एकच, पाणी आणि पानी एकच. देवनागरीचा कळफलक प्रत्येक दूरध्वनीत फुकट असतो, तो सुरू करून द्यायला पाच मिनिटे लागत नाहीत.

आकड्यांचे हालही तसेच आहेत. एकोणसत्तर म्हणजे किती, हे विचारल्यावर मुले हिंदीतून इंग्रजीत जाऊन परत येतात. पावकी-दिडकी आता कोणी म्हणू नये असे मी म्हणतो तेव्हा माझ्या वयाच्या लोकांना वाईट वाटते. पण शंभरपर्यंतचे अंक आणि सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच एवढे तरी आलेच पाहिजे. बाजारात पावणेदोनशे म्हटल्यावर पोराने दोनशे पंचाहत्तर काढून दिलेले मी पाहिले आहे.

एक गोष्ट वेगळ्याच प्रकारची आहे आणि ती मुलींच्या बाबतीत जास्त जाणवते. बेळगाव-कोल्हापूरकडची मुलगी पुण्याला जाते, सहज 'मी येतो' म्हणते आणि खोलीतल्या मैत्रिणी हसतात. 'काय करायलास?', 'आलो की' हेही त्यांना गमतीचे वाटते. मुलगी आठ दिवसांत गप्प होते किंवा हिंदी बोलू लागते. घरून जाताना तिला कोणी सांगितलेले नसते की ही बोली अशुद्ध नाही. कन्नडात 'मी येते' आणि 'मी येतो' असा भेदच नाही. प्रथमपुरुषी क्रियापद स्त्री-पुरुष दोघांना एकच. शेकडो वर्षे ज्या भाषेच्या शेजारी आपण राहिलो तिची ही सावली आहे. अण्णा, अक्का, अप्पा हे शब्दही तिकडूनच येऊन पुण्या-मुंबईपर्यंत पोचले, त्यांना कोणी हसत नाही. पु. ल. देशपांडे यांनी रावसाहेबांचे व्यक्तिचित्र लिहिले तेव्हा याच बोलीवर सगळा महाराष्ट्र लुब्ध झाला. मुलीला हे ठाऊक असेल तर ती हसणाऱ्यांबरोबर हसेल आणि 'येतो' म्हणत राहील, आणि अर्ज लिहिताना प्रमाण मराठीत लिहील. दोन्ही तिचेच आहे.

गोव्यातील बांधवांची स्थिती थोडी निराळी. तिथे १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचा मान दिला आणि मराठीच्या शासकीय वापराचीही मुभा ठेवली. पण मराठीत कोणी अर्ज आणून दिलाच नाही तर ती मुभा कागदावरच सुकून जाते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी घरांना देवनागरीची किंवा तिच्याशी जवळच्या लिपीची साथ आहे, त्यांना हे काम आपल्यापेक्षा सोपे जावे. हैदराबादकरांची अडचण आपल्यासारखीच, फक्त कन्नडाच्या जागी तेलुगू.

यंदाच्या मे महिन्याच्या सुट्टीत एक अर्ज मुलाकडून लिहवून घ्या. विषय त्यालाच निवडू द्या, वाक्ये त्याचीच असू द्या. तुम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहा. दोन प्रती काढा आणि त्याला कार्यालयात एकट्याला पाठवा. तुम्ही बाहेर फाटकाशी थांबा. कारकून 'कन्नडात आणा' म्हणेल, कदाचित म्हणणारही नाही. तो म्हणाला तर अनुच्छेद ३५० चा उल्लेख नम्रपणे कसा करायचा, हे आदल्या रात्री दोनदा म्हणवून घ्या, आणि शक्य असेल तर ते वाक्य कन्नडातच बसवून द्या. अर्ज घेतला गेला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्यायला त्याला सांगून ठेवा. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचे नाही.