रिकाम्या जागा आणि ‘तात्पुरत्या’ शब्दाची धास्ती

ससून डॉकच्या भिंतीवर कोळी समाजातील स्त्री-पुरुषांचे भव्य कृष्णधवल चेहरे झळकले, ते २०१७च्या अखेरीस. १८७५पासून मासळीच्या उलाढालीने गजबजलेल्या या गोदीतील गोदामे तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सहकार्याने ‘स्टार्ट इंडिया’ या संस्थेला काही आठवड्यांसाठी मिळाली आणि तेथे कलाप्रदर्शन भरले. एरवी गोदीकडे न फिरकणारे मुंबईकर नाकाला रुमाल लावून आले. हनीफ कुरेशी या कलावंताने तर तेथील वासालाच कलाकृतीचा विषय केले होते! डिसेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात याच संस्थेचा महोत्सव गोदीत पुन्हा भरला. दोन्ही वेळा मुदत संपताच प्रदर्शन आवरले गेले.

शहरातील पडीक जागा काही काळ कलेसाठी वापरण्याची कल्पना आता मुंबईला नवी राहिलेली नाही. नवे नाही तसे रुजलेलेही नाही. ससून डॉकला जागा मिळाली, कारण एका मोठ्या सरकारी जमीनमालकाने अनुकूलता दाखवली आणि एका रंगकंपनीचे पाठबळ लाभले. उद्या लालबागच्या एखाद्या नाट्यमंडळाला बंद गोदामात तीन महिने तालीम करायची असेल, तर त्याने कोणाचे दार ठोठवावे? या प्रश्नाचे उत्तर महापालिकेच्या कोणत्याही एका खिडकीवर मिळत नाही. बड्या प्रायोजकाला जे साधते ते वस्तीला साधत नाही, ही खरी अडचण आहे.

मालकांच्या अनिच्छेला, आणि नागरिकांच्या संशयालाही, इतिहास आहे. या शहरात ‘तात्पुरते’ हा शब्द बदनाम झालेला आहे. मोकळी मैदाने व उद्याने काळजीवाहू तत्त्वावर खासगी संस्थांना देण्याचे महापालिकेचे धोरण आठवावे. देखभालीसाठी दिलेल्या काही भूखंडांवर क्लब आणि जिमखाने उभे राहिले आणि सामान्य माणसाला फाटकाबाहेर थांबावे लागले. जानेवारी २०१६मध्ये महापालिकेने पुन्हा असेच धोरण संमत केले, तेव्हा जनक्षोभामुळे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना त्यास स्थगिती द्यावी लागली.

गिरणगावाची जखम तर अधिक खोल आहे. १९८२च्या संपानंतर एकामागून एक गिरण्या थंडावल्या आणि शहराच्या मध्यभागी अवाढव्य शेड वर्षानुवर्षे कुलूपबंद पडून राहिल्या. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार पुनर्विकासात गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एकतृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी आणि तेवढाच घरबांधणीसाठी मिळायचा होता. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली आणि मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती ग्राह्य धरली. ज्या कामगारवस्तीने शाहिरी आणि कामगार रंगभूमी पोसली, तिला त्या बंद शेडमध्ये एक रात्रही तमाशाचा फड लावता आला नाही. पुढे तेथे मॉल उभे राहिले.

मग हे जमते कोठे? न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्चचा दाखला येथे उपयोगी पडतो. २०१० व २०११च्या भूकंपांनी त्या शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त केला. फेब्रुवारी २०११च्या धक्क्यात १८५ माणसे दगावली. पाडलेल्या इमारतींच्या जागी उरलेल्या मोकळ्या भूखंडांवर ‘गॅप फिलर’ नावाच्या गटाने छोटे उपक्रम सुरू केले. जुन्या धुलाई यंत्रात नाणे टाकले की गाणे वाजे आणि लोक उघड्यावर नाचत. तीन हजारांहून अधिक लाकडी पॅलेट रचून एक सभामंडप उभारण्यात आला. तो इतका लोकप्रिय झाला की आणखी एक वर्ष टिकावा म्हणून नागरिकांनी ८० हजार डॉलरहून अधिक वर्गणी जमवली. तरीही एप्रिल २०१४मध्ये तो ठरल्याप्रमाणे उतरवण्यात आला.

यामागे निव्वळ उत्साह नव्हता. २०१२मध्ये स्थापन झालेला ‘लाइफ इन व्हेकंट स्पेसेस’ हा न्यास मालक आणि कलावंत यांच्यात मध्यस्थ म्हणून उभा राहिला. करार त्याच्या नावे, विमा त्याच्याकडे आणि अल्प मुदतीच्या सूचनेने जागा परत करण्याची हमीही त्याचीच. मालकाची ‘हे लोक पुढे हलतील का’ ही धास्ती कागदावरच मिटली. पुढे २०२२पासून तेथील महापालिकेने मध्यवर्ती भागातील रिकाम्या भूखंडांवर नेहमीच्या चौपटीहून अधिक दराने कर लावला. जो मालक भूखंड नीट राखतो, त्याला सवलत मिळते. जमीन अडवून ठेवणे महागात पडू लागले की मालकाची उदारता वाढते, असा याचा अर्थ.

अर्थात भूकंपग्रस्त शहराचा नियम मुंबईत जसाच्या तसा लागू होणार नाही. येथे जमिनीचा भाव निराळा आणि अतिक्रमणाची भीतीही निराळी. परंतु काही काळासाठी जागा घेऊन ती परत करण्याची रीत मुंबईला परकी आहे, हे म्हणणे टिकणारे नाही. दरवर्षी भाद्रपदात मंडळे रस्त्यांवर मंडप घालतात, देखावे उभारतात आणि विसर्जनानंतर रस्ता मोकळा करतात. त्यासाठी महापालिकेची एक खिडकी योजना आहे, मंडपाच्या आकाराचे नियम आहेत, खड्डा खणल्यास दंड आहे. तक्रारी होतात, न्यायालयालाही कान टोचावे लागतात, पण व्यवस्था अस्तित्वात आहे.

तोच अर्ज, तीच मुदत आणि तोच दंड उरलेल्या अकरा महिन्यांत पालिकेच्या पडीक भूखंडांना आणि उड्डाणपुलांखालच्या जागांना लागू करण्यास नवा कायदा लागेल असे वाटत नाही. माटुंग्यात उड्डाणपुलाखाली २०१६मध्ये बाग झाली, तीही रहिवाशांच्या पाठपुराव्यातून. गोदामांचे आणि बंद शेडचे प्रकरण अवघड आहे. तेथे आग, छत आणि अपघात यांची जबाबदारी घेणारी संस्था लागेल. ती महापालिकेने उभारावी की पूर्व किनाऱ्यावर विस्तीर्ण जमीन बाळगून असलेल्या बंदर प्राधिकरणाने, यावर अद्याप कोणी बोलायलाही तयार नाही.