ससा पास, चकवा नापास?

मास कॉमच्या शेवटच्या सेमिस्टरला आम्हाला एक असाइनमेंट होती. आपल्या भागातल्या लोककथेतलं एखादं पात्र निवडायचं आणि विश्वकोशात शोभेल अशी नोंद त्याच्यावर लिहायची. मी पोंभुर्ण्याची, मी चकवा निवडला. चंद्रपूरच्या मैत्रिणीनं ससा निवडला. तिची नोंद पास झाली. माझ्या नोंदीवर लाल पेनानं शेरा आला : 'संदर्भ कुठे आहेत? स्वतंत्र नोंदीइतका विषय नाही.'

तेव्हा जाम राग आला होता. आता शांत डोक्यानं विचार केला तरी वाटतं, निकाल उलटा लागायला हवा होता.

आधी ससा. चंद्रपूरकरांना ही गोष्ट पाठ आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीला गेला. बघतो तर काय, कुत्रा सशामागे नाही, ससाच कुत्र्यामागे धावतोय! या सशाच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. तो ज्या वाटेनं धावला त्या वाटेनं कोट बांधा, असं राणीनं सुचवलं आणि शहर उभं राहिलं. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अचलेश्वर या दरवाज्यांतून जाताना आपण त्या सशाचीच वाट ओलांडतो म्हणा ना. गोष्ट राजाची, त्यामुळे ती पुस्तकांत आली. संदर्भांची ददात नाही.

पण असाच ससा अहमदाबादलाही आहे. 1411 मध्ये अहमदशहानं शहर वसवलं, त्या गोष्टीतही ससा कुत्र्यावर उलटतो. विजयनगरच्या हरिहर-बुक्कांच्या गोष्टीतही तेच. म्हणजे हे एका शहराचं पात्र नाही, शहर वसवण्याच्या गोष्टींचा तो ठरलेला साचा आहे. या साच्यावर एक छान नोंद हवीच. पण चंद्रपूरच्या सशाला 'चंद्रपूर' या नोंदीतल्या चार ओळी पुरतात. तो एका दिवसासाठी येतो आणि आपलं काम करून जातो.

चकवा तसा नाही. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे लोक अंधार असतानाच मोहफुलं वेचायला निघतात. पायाखालची वाट, तरी कधी कधी माणूस फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो. याला म्हणायचं 'चकवा लागला'. चकव्याला चेहरा नाही, पाय उलटे आहेत की सुलटे तेही कुणी सांगत नाही. तो फक्त वाट फिरवतो. त्याच्यावर उपाय मात्र भरपूर. चपला उलट्या घाला, बिडी पेटवा. माझी आजी म्हणते, "चकवा लागला त खाली बसाचा, उगाच चालाचा नाही. उजाडू द्याचा."

शेजारच्या छत्तीसगडमध्ये हाच अनुभव वेगळ्या नावानं भेटतो. तिथं 'भूलन कांदा' नावाच्या वनस्पतीवर पाय पडला की माणूस वाट विसरतो. संजीव बख्शींनी त्यावर कादंबरी लिहिली, तिच्यावर 'भूलन द मेज' हा सिनेमा आला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

आता विज्ञान. 2009 मध्ये यान सोमन आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या जंगलात माणसांना सरळ चालायला सांगितलं. ढगाळ दिवशी ती गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडू लागली आणि त्यांना ते कळलंही नाही. सूर्य दिसत होता तेव्हा मात्र ती बऱ्यापैकी सरळ चालली. आजीचं 'उजाडू द्याचा' आठवलं ना? एका पात्रात इतकं सगळं सापडत असेल, तर स्वतंत्र नोंदीला आणखी काय हवं?

हवे आहेत संदर्भ. आणि इथं मला शेरा मारणाऱ्या सरांची बाजू घ्यावी लागते. हा नियम काढला, तर उद्या कुणीही होस्टेलवर बसून नवं भूत तयार करेल. मराठी विकिपीडिया 2003 पासून स्वयंसेवकांच्या जिवावर चालतो. पोंभुर्ण्यातल्या कुणाची आजी काय म्हणाली, हे त्यांनी कसं तपासायचं? माझ्या नोंदीत फक्त 'आजी सांगते' एवढंच होतं. दुसरं गाव नाही, दुसरा माणूस नाही, तारीख नाही. ती चूक माझी.

पण 'कुठे लिहिलंय?' असं विचारताना 'कुणाबद्दल लिहिलं गेलं?' हेही विचारायला हवं. ससा राजाला दिसला. चकवा लागतो गुराख्याला, मोहफुलं वेचणाऱ्या बाईला. ते छापून यावं म्हणून त्यांच्याकडे कोण गेलं? 2011 मध्ये अचल प्रभला यांनी विकिपीडियासाठी एक प्रयोग केला होता. हिंदी, मल्याळम आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सेपेडी भाषेत लोकांच्या मुलाखती रेकॉर्ड करायच्या आणि ती रेकॉर्डिंग नोंदींना संदर्भ म्हणून जोडायची. म्हणजे नियम न मोडताही वाट निघू शकते.

घाई एवढ्यासाठी की, वाघाच्या भीतीनं आता पहाटेच्या अंधारात एकट्यानं जंगलात जाणं कमी होत चाललंय. ते बरंच आहे, जीव आधी. पण माझ्या वयाच्या कुणाला चकवा लागलाय असं मी ऐकलेलं नाही. ज्यांना लागला होता, ती माणसं आता सत्तरीच्या पुढं आहेत.

म्हणून यंदा मोहाच्या दिवसांत मी फोन घेऊन आमच्या आजूबाजूच्या गावांत जाणार आहे. तुमच्याही गावात असं काही असेल, तर आजी-आजोबांना विचारून रेकॉर्ड करा. गाव आणि तारीख आधी बोलून घ्या. त्यांची बोली पुस्तकी करू नका. दहा गावांतून दहा जणांनी सांगितलेला चकवा घेऊन गेलो, तर 'संदर्भ कुठे आहेत?' या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर असेल.