हात चांगला असताना गप्प बसावे का?

मंडळी, गोकुळाष्टमीच्या, गणपतीच्या जागरणाला आपल्याकडे तीन पत्ती रंगते. तिच्यात पाळी आली की चाल करायची, नाही तर पॅक व्हायचे. काही न लावता थांबायची सोय नाही. पोकरमध्ये ती आहे. आधी कोणी लावलेले नसेल तर 'चेक' म्हणून पाळी पुढे द्यायची आणि मागच्याने लावले की वाढवायचे. हाच चेक-रेझ.

आमच्या नेरूळच्या ज्येष्ठांच्या बैठकीत (आम्ही काडेपेटीच्या काड्यांवर खेळतो, पैशांवर नाही) काहींना हा कावेबाजपणा वाटतो. परदेशातही काही घरगुती डावांत त्याला मनाई असते. मला ती पटत नाही. ज्याला सर्वांआधी बोलावे लागते त्याला इतरांचा काहीच अंदाज नसतो. त्याच्या हाती एवढे तरी हत्यार हवे.

मात्र ते जपून काढावे. लिमिट पोकरमध्ये रक्कम ठरलेली असते. आमच्याकडे पहिल्या दोन फेऱ्यांत दोन काड्या, नंतरच्या दोन फेऱ्यांत चार. मोठी रक्कम लावून कोणाला पळवता येत नाही. समजा, मधली चार पाने उघडली, माझ्याकडे एक्क्यांची जोडी आहे आणि समोरच्याची चार बदाम जमली आहेत. त्याला न दिसलेल्या ४६ पानांत ९ बदाम उरतात, म्हणजे साधारण पाचात एकदा त्याचे काम होते. मी चेक केले आणि त्यानेही केले, तर शेवटचे पान त्याला फुकट! त्याला पाहायचेच असेल तर चार काड्या मोजून पाहू दे. म्हणून पहिला प्रश्न माझ्या पानांचा नाही, माणसांचा आहे. मागचा कोणी नक्की लावणार का? खात्री नसेल तर सरळ आपणच लावावे.

दुसरा प्रश्न, तो बसला आहे कुठे? पाळी डावीकडे सरकते. तो लगेच डावीकडे असेल तर तो लावतो, बाकीचेही काड्या टाकतात आणि मग मी वाढवतो. हात भक्कम असेल तर हे उत्तम. तो सर्वांत शेवटी असेल तर माझ्या वाढवण्याने मधल्यांवर एकदम दुप्पट ओझे येते आणि ते गळतात. चांगल्या पण नाजूक हाताला हेच हवे. नाजूक हात आणि लावणारा शेजारीच असेल, तर आपण लावावे आणि त्याने वाढवावे अशी आशा धरावी.

२०१५ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोघांतले लिमिट होल्डेम संगणकाकडून जवळजवळ पूर्ण सोडवून घेतले. त्यांचा 'सीफियस'ही त्याच प्रसंगी दर वेळी तेच करत नाही. चांगल्या हाताला नेहमीच गप्प बसणारा माणूस चार दिवसांत ओळखू येतो.

घरातल्या तरुणांना एक सांगणे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. तो नसता तरी मी हेच म्हटले असते, की हे सगळे काड्यांवर शिकता येते. पैसे आले की समोरच्या माणसाकडे पाहणे सुटते आणि आपण नुसत्या हावेने थांबू लागतो.

असो. तुमच्या डावात चेक-रेझ चालतो का? जरूर लिहा.