चाळीस खुणा आणि एक निष्कर्ष

सीबीएसईच्या बारावीत समाजशास्त्राला 20 गुणांचा प्रकल्प असतो. तो कसा होतो, हे ओमानमधल्या सोहार औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या आईबापांना ठाऊक आहे. प्रकल्प द्यायच्या आदल्या आठवड्यात गूगल फॉर्म बनतो, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो, चाळीस मित्रमैत्रिणी खुणा करतात. रंगीत आलेखाखाली निष्कर्ष येतो: सोहारमधले भारतीय समाधानी आहेत. हल्ली तोही एआय लिहून देते.

या चाळिसांचे वडील इंजिनिअर, अकाउंटंट. पहाटे कंपनीच्या बसमध्ये डुलक्या काढणारा वेल्डर त्यांत नाही. तो नाही, हे मुलांच्या ध्यानातही येत नाही, आणि भीती वाटते ती याची. उद्या हीच मुले बँकांत, मंत्रालयांत, वृत्तपत्रांत बसतील आणि समोर आलेला आकडा कुणाला विचारून काढला, हे न विचारता पुढे सरकवतील.

याउलट, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरोल्ड मान यांनी सहकाऱ्यांना घेऊन पिंपळे सौदागर हे गाव शेतानिशी, कर्जानिशी तपासले. 1917 साली ते पुस्तकरूपाने आले. गावकऱ्याचे पोट शेतावर भरते का, हा प्रश्न आधी होता; तक्ते नंतर आले. आपल्याकडे तक्ता आधी येतो, प्रश्न शोधावा लागतो.

सोहारात तो शोधायची गरज नाही. ओमानमध्ये जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करायला बंदी असते. ते तीन तास माणसे कुठे काढतात? सावली असते का? सुपरवायझरसमोर विचाराल तर ‘सब ठीक है’ ऐकाल. तेच शुक्रवारी चहाच्या टपरीवर, कामगाराच्या भाषेत, नाव न लिहिता विचारा, उत्तर बदलेल. दोन उत्तरांतली ही तफावत हाच खरा धडा. पण परवानगीवाचून कामगारांच्या कॅम्पात शिरायचे नाही, फोटो काढायचे नाहीत. आपल्या 20 गुणांपायी कुणाची नोकरी जाता कामा नये, हेही त्याच धड्यात येते. आणि ‘मला नाही बोलायचे’ म्हणणाऱ्याला तिथेच सोडायचे.

अशी विचारपूस मोठ्या प्रमाणावरही होते. केरळने 1998 पासून घरोघर जाऊन आपल्या परदेशी गेलेल्या माणसांची पाहणी चालवली आहे. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजने ते काम उभारले. रत्नागिरी-रायगडातून पिढ्यानपिढ्या माणसे आखातात गेली, पण महाराष्ट्रात तशी परंपरा रुजली नाही. कुणाच्या बाबांनी किती वर्षांत घर बांधले, कितीदा सुट्टी हुकली, हे गावातल्या ओटीवर बोलले जाते, वहीत उतरत नाही.

सोहारात तर वही उघडायलाही वेळ थोडा. कारखान्याच्या शटडाऊनसाठी आलेला फिटर काम संपताच परततो, व्हिसा संपलेला कायमचा जातो, त्याची खोली दुसऱ्याला मिळते. शाळांनी हा प्रकल्प वर्षाच्या शेवटी न ठेवता मुलांना जूनआधी प्रश्न ठरवायला बसवावे. यंदाची मुले विचारतील तेव्हा निदान आत्ता इथे असलेली माणसे तरी सापडतील.