सत्कारानंतर काय?

महाविद्यालयीन मुलींच्या राष्ट्रीय सॉफ्टबॉल स्पर्धेची बातमी वृत्तपत्रांतून चार ओळींत आटोपते. शिरूर वा दौंडच्या एखाद्या मुलीने विद्यापीठाचा गणवेश चढविला, की गावात सत्कार होतो, भाषणे होतात. पदवी हाती पडताच तिचा ग्लोव्ह मात्र माळ्यावर जातो. असे का व्हावे?

वस्तुतः हा खेळ तालुक्याच्या गावाला पेलणारा आहे. बेसबॉलमध्ये दोन बेसमधील अंतर ९० फूट, येथे ६० फूट. सामना सात इनिंगचा. उणीव आहे ती सरावानंतर वाड्यावस्त्यांवर सुखरूप परतण्याच्या सोयीची आणि पदवीनंतर सामावून घेणाऱ्या संघाची.

१९९६ साली ऑलिम्पिकमध्ये आलेला महिला सॉफ्टबॉल २००८ नंतर वगळला गेला, २०२१ साली टोकियोत परतला, २०२४ साली पॅरिसमध्ये पुन्हा वगळला गेला. २०२८ सालच्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये तो पुनश्च खेळला जाणार आहे. ती दारे उघडणे-मिटणे आपल्या हाती नाही. आपल्या तालुक्याचे दार मात्र आपल्याच हाती आहे. शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, दौंडला रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. नोकरी सांभाळून खेळणाऱ्या मुलींचा एक संघ येथे उभा राहू नये काय? समाजाने मनावर घेतले, तर हे अवघड नाही.