जपानची सहल : मुलांना पोकेमॉन कॅफेचा शब्द का देऊ नये?

विमानाचं तिकीट आणि व्हिसा काही महिने आधीच पाहावा लागतो. टोकियोतल्या पोकेमॉन कॅफेचं आरक्षण मात्र ३१ दिवस आधीच खुलं होतं. जपानमध्ये तेव्हा संध्याकाळचे ६ आणि आपल्याकडे दुपारचे अडीच वाजलेले असतात. म्हणजे सगळा खर्च करून झाल्यावर कळणार, टेबल मिळालं की नाही!

मिताकाच्या जिब्ली संग्रहालयाचंही असंच. पुढच्या महिन्याची तिकिटं दर १० तारखेला भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाला विक्रीला येतात. दारावर तिकीट मिळत नाही.

मग करायचं काय? सहल दुकानांभोवती आखा. टोकियो स्टेशनातली 'कॅरेक्टर स्ट्रीट' किंवा ओदाइबातलं डोरेमॉनचं दुकान इथे आरक्षणाशिवाय जाता येतं. खरेदीसाठी पैसे थोडे जास्त ठेवा. १ नोव्हेंबर २०२६ पासून पर्यटकांनाही दुकानात कर भरावा लागेल, परतावा देश सोडताना मिळेल. बहुतेक वस्तूंवर हा कर १० टक्के आहे.

कॅफेत जागा मिळाली तर उत्तमच. पण 'नक्की जाऊ' असं मुलांना सांगायचं, ते आरक्षण हातात आल्यावरच.